वेदी आणि उंबरठा : मराठी कॅथलिक उपासनेतील गायन आणि ‘ख्रिस्तपुराणा’ची ओवी

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा विचार मराठी वाङ्मयेतिहासात प्रामुख्याने दोन अंगांनी झाला आहे. एक अंग भाषेचे. सतराव्या शतकाच्या आरंभीची गोमंतकातील मराठी, तिच्यातील कोकणी छटा, पोर्तुगीज शब्दांचा शिरकाव आणि मराठीच्या गौरवाच्या सुप्रसिद्ध ओव्या यांचा अभ्यास या अंगाने झाला. दुसरे अंग वाङ्मयप्रकाराचे. परक्या धर्माची कथा सांगण्यासाठी एका इंग्रज जेझुइटाने संतकवींची ओवी आणि पुराणाचा घाट का स्वीकारला, हा त्यातील प्रश्न. अ. का. प्रियोळकर, शांताराम बंडेलू, स. गं. मालशे इत्यादी अभ्यासकांच्या परिश्रमांमुळे या दोन्ही अंगांचे पुष्कळ विवेचन मराठीत उपलब्ध आहे. तथापि हा ग्रंथ मुळात कानांसाठी होता आणि तो एका विशिष्ट जागी, विशिष्ट वेळी ऐकला जात होता, या वस्तुस्थितीचा परिणाम त्याच्या घडणीवर आणि त्याच्या नंतरच्या भवितव्यावर काय झाला, हा प्रश्न बहुधा ओझरताच हाताळला जातो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पारंपरिक कॅथलिक उपासनेत गायनाचे स्थान काय होते, हे आधी समजून घ्यावे लागते.

१. गायन : उपासनेचा अलंकार की अवयव?

भजन वा कीर्तन यांच्या परंपरेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला कॅथलिक उपासनेतील गायनाविषयी एक गैरसमज होण्याचा संभव असतो. विधी मुख्य आणि त्याला भक्तिभावाची जोड देणारे गीत दुय्यम, असे तो समजू शकतो. पारंपरिक मिस्सेची व्यवस्था याहून वेगळी आहे. गायनयुक्त मिस्सेत विधीचा पाठ हाच गायला जातो. गीत विधीला जोडलेले नसते, तर विधीचे शब्द गीतरूपाने उच्चारले जातात.

या पाठाचे दोन भाग पडतात. पहिला भाग वर्षभर न बदलणारा. ‘किरिए’, ‘ग्लोरिया’, ‘क्रेदो’, ‘सांक्तुस’ आणि ‘आग्नुस देई’ ही त्याची पाच अंगे होत. दुसरा भाग दिवसागणिक बदलणारा. त्यात प्रवेशाचे, वाचनांमधील, अर्पणाचे आणि प्रसादग्रहणाचे गायन येते. त्यामुळे उपासनेच्या वर्षाचा ऋतुक्रम भाविकाला सर्वप्रथम कानांनी कळतो. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात ‘आलेलुया’ लुप्त होतो, ऑर्गनचे स्वतंत्र वादन थांबते, आणि पुण्यसप्ताहाच्या गुरुवारी ‘ग्लोरिया’नंतर घंटांचा नाद बंद होऊन त्यांची जागा लाकडी खुळखुळ्याचा रुक्ष आवाज घेतो. ईस्टरच्या रात्री घंटा पुन्हा वाजतात. येथे मौनसुद्धा संगीताच्याच व्यवस्थेचा भाग आहे.

या गायनाचा पाया म्हणजे पोप ग्रेगरी यांच्या नावाने ओळखले जाणारे ग्रेगोरियन गायन. ते एकसुरी आहे, म्हणजे सर्व गायक एकच स्वरावली गातात. त्याला मुळात वाद्यसंगत नाही आणि तालाचे नियमित आवर्तनही नाही. त्याची लय शब्दांच्या आघातातून आणि वाक्याच्या विरामातून निर्माण होते. मध्ययुगाच्या उत्तरार्धात याच पायावर बहुस्वरी रचनांची इमारत उभी राहिली आणि ती इतकी गुंतागुंतीची झाली की शब्द कळेनासे झाले, अशी तक्रार होऊ लागली. ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६२ मध्ये उपासनेतून कामुक व अपवित्र वाटणारे संगीत दूर ठेवण्याचा आदेश दिला, त्यामागे अशा तक्रारींची पार्श्वभूमी होती. पुढे १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताचे तीन निकष सांगितले : पावित्र्य, कलागुण आणि सार्वत्रिकता. ग्रेगोरियन गायन हा त्यांच्या दृष्टीने या निकषांचा सर्वोच्च आदर्श होता.

२. ट्रेंटने ठेवलेली फट

ट्रेंट परिषदेचा आणखी एक निर्णय मराठीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मिस्सा सर्रास लोकभाषेत व्हावी हे इष्ट नाही, असे परिषदेने ठरविले. परंतु त्याच ठिकाणी तिने धर्मगुरूंना असेही बजावले की, मिस्सेत जे वाचले जाते त्यातील काही भाग त्यांनी, विशेषतः रविवारी व सणांच्या दिवशी, लोकांना समजावून सांगावा. म्हणजे वेदीवरची भाषा लॅटिन राहील, पण तिचा अर्थ पोहोचविण्याची जबाबदारी टळणार नाही. उपासनेच्या आत लॅटिनचा स्वर आणि उपासनेच्या कडेला लोकभाषेतील अर्थ, अशी ही विभागणी होती. १९०३ च्या आदेशातही तिचा पुनरुच्चार झाला. गंभीर विधींत लोकभाषेतील गायन निषिद्ध ठरले. गायनविरहित साध्या मिस्सेत आणि विधीबाहेरील भक्तीत मात्र लोकभाषेतील गीतांना वाव राहिला.

या कडेच्या जागेला येथे ‘उंबरठा’ म्हटले आहे. धर्मशिक्षणाचा वर्ग, मिस्सेच्या आधीचा वा नंतरचा वेळ, मिरवणूक, क्रुसापुढील लितानी, प्रायश्चित्तकाळातील सायंप्रार्थना, घरातील जपमाळ ही त्याची रूपे होत. कोकण आणि गोमंतक येथील ख्रिस्ती समाजाचे देशी भाषांतील सर्व जुने गायन या उंबरठ्यावर उभे आहे.

गोव्यात या व्यवस्थेची दोन्ही अंगे लवकर रुजली. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले, तेव्हा ते घंटा वाजवीत मुलांना गोळा करून धर्मतत्त्वे गायनाच्या साहाय्याने शिकवीत असत. पुढे गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून गायन आणि स्वरलेखन शिकविले जाऊ लागले. या शाळांचे संगीतशिक्षक, म्हणजे ‘मेस्त्री’, चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुखही असत. वेदीवरच्या लॅटिन गायनासाठी तयार झालेली ही संगीतविद्या पुढे चर्चबाहेरही पोहोचली. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदात गोमंतकीय वादकांचा जो मोठा वाटा होता, त्याचे मूळ या शाळांत आहे.

३. उंबरठ्यावरील ओवी

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य गोव्यातील सासष्टीत गेले. मुंबईजवळची साष्टी वेगळी, हे येथे ध्यानात ठेवावे. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जोसेफ साल्ढाणा यांनी हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे जी आवृत्ती काढली, तिच्यात पहिल्या पुराणाच्या ४,२९६ आणि दुसऱ्या पुराणाच्या ६,६६६, अशा एकूण १०,९६२ ओव्या आहेत. पहिल्या पुराणात ३६ आणि दुसऱ्यात ५९ ‘अवस्वरू’, म्हणजे अध्याय आहेत.

या रचनेचे निमित्त ग्रंथाच्या आरंभीच आलेले आहे. धर्मशिक्षणाच्या प्रसंगी एक श्रोता धर्मगुरूला विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरी का देत नाही? या प्रश्नाकडे सामान्यतः धर्मप्रसाराची युक्ती म्हणून पाहिले जाते. परंतु गायनाच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात एक नेमकी उणीव सांगितलेली आहे. श्रोत्याला मिस्सा मिळाली होती. तिचे लॅटिन गायनही मिळाले होते. त्याला मिळाले नव्हते ते पुराणश्रवण, म्हणजे सायंकाळी एकत्र बसून, आपल्या भाषेत, लांबलचक कथा गायनातून ऐकण्याची संधी. वेदीवर कितीही सुंदर संगीत असले तरी ते ही गरज भागवू शकत नव्हते. कारण ही गरज संगीताची नव्हती, ती गायिलेल्या कथेची होती.

‘ख्रिस्तपुराण’ ही गरज भागविण्यासाठी आले. सासष्टीतील चर्चमध्ये रविवारी व सणांच्या दिवशी ते वाचले जात असे. ‘वाचणे’ या क्रियापदाचा येथील अर्थ पोथी वाचण्याचा, म्हणजे चालीवर म्हणण्याचा आहे. ते मिस्सेचा भाग झाले नाही, होऊही शकत नव्हते. मात्र ट्रेंटने जी समजावणी सांगितली होती, तिचे ते मराठी रूप झाले. याच वाटेने एतिएन द ला क्रुवा यांचे संत पीटरविषयीचे पुराण १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात प्रसिद्ध झाले. उत्तर कोकणात फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइन्स या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचे १६५९ चे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील काव्य लोकांत ‘पुराण’ म्हणूनच रूढ झाले. मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांत ते प्रायश्चित्तकाळात गायले जाई. १८४५ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन शतकांनी, मुंबईत त्याची नवी आवृत्ती निघाली, यावरून त्याची मागणी किती टिकून होती हे दिसते.

४. घडणीतील साम्य

ओवीची निवड करताना स्टीफन्स यांच्या कानावर कोणते संस्कार होते, याचा विचार येथे उपयुक्त ठरतो. जेझुइट धर्मगुरूला दररोजच्या प्रार्थनेतील दाविदाची स्तोत्रे परिचित असत. ही स्तोत्रे गाण्याची ग्रेगोरियन पद्धत अत्यंत साधी आहे. चरणाची सुरुवात दोन-तीन स्वरांनी होते, मग एका स्थिर स्वरावर शब्द म्हटले जातात, मध्ये एक अर्धविराम येतो आणि शेवटी पूर्णविरामाची स्वरावली येते. स्थिर स्वरावर शब्द कितीही असू शकतात. चरण लहान असो वा मोठा, चाल मोडत नाही.

ग्रांथिक ओवीची प्रकृती याच्याशी जुळणारी आहे. तिच्यात अक्षरसंख्या काटेकोर नाही. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा बहुधा आखूड चरण विरामाचे काम करतो. कथानकाच्या गरजेप्रमाणे चरण लांबतो किंवा आखडतो, तरी म्हणणाऱ्याची चाल अडत नाही. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. श्रमाच्या लयीतून आलेल्या या छंदाला ज्ञानेश्वरांनी तत्त्वविवेचनाचे सामर्थ्य दिले. दीर्घ कथन, सुलभ स्मरण आणि लवचिक चरण या तीन गोष्टी एकत्र साधणारा दुसरा छंद त्या काळच्या मराठीत सहज हाती येणारा नव्हता.

या साम्यावरून ग्रेगोरियन गायनाचा ओवीवर प्रभाव पडला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ओवी मराठीत स्टीफन्स यांच्या कितीतरी आधीपासून रूढ होती. एवढेच म्हणता येते की, दोन वेगळ्या परंपरांनी धार्मिक पाठ लांबवर गाण्याच्या एकाच अडचणीवर समान प्रकारचे उत्तर शोधले होते, आणि दोन्ही परंपरा जाणणाऱ्या कवीला ते उत्तर ओळखीचे वाटणे स्वाभाविक होते.

वेदी आणि उंबरठा यांचे नाते पुण्यसप्ताहात सर्वांत स्पष्ट होते. पारंपरिक विधीत ख्रिस्ताच्या दुःखसहनाची शुभवर्तमानातील कथा लॅटिनमध्ये तीन गायक गातात. निवेदकाचा स्वर मध्यम, ख्रिस्ताचा खालचा आणि इतर पात्रांचा व जमावाचा वरचा असतो. लॅटिन न जाणणाऱ्या भाविकालाही स्वराच्या उंचीवरून कोण बोलत आहे हे कळते. पण काय बोलत आहे हे कळण्यासाठी कथा आधी माहीत असावी लागते. ‘ख्रिस्तपुराणा’चा दुसरा भाग आणि गिमाराइन्स यांचे संपूर्ण काव्य नेमकी हीच कथा मराठीतून सांगतात. आठवडेच्या आठवडे सायंकाळी ओवीतून ऐकलेली कथा शुक्रवारी लॅटिनच्या स्वरांत ओळखता येत असे. या अर्थाने मराठी पुराणगायन हे लॅटिन गायनाला पर्याय नव्हते. लॅटिन गायन ऐकण्याची पात्रता ते श्रोत्याला देत होते.

५. दोन बंद्या

ही व्यवस्था राज्यसत्तेच्या आणि धर्मसत्तेच्या धोरणामुळे ढासळली. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा स्वीकारण्याचा हुकूम काढला. उंबरठ्यावरील गायनाचा आधार असलेली भाषाच त्यामुळे संशयास्पद ठरली. त्यानंतर १७३६ मध्ये गोव्याच्या धर्मन्यायपीठाने ख्रिस्ती झालेल्यांच्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. प्रियोळकरांनी ‘द गोवा इन्क्विझिशन’ (१९६१) या ग्रंथात या जाहीरनाम्याची चर्चा केली आहे. निषिद्ध ठरलेल्या गोष्टींत विवाहप्रसंगी गायल्या जाणाऱ्या ओव्यांचाही समावेश होता.

या विरोधाभासाकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाचे लक्ष जावयास हवे. ज्या छंदाला १६१६ मध्ये चर्चमध्ये मान मिळाला, त्याच छंदाचे नाव १७३६ मध्ये निषिद्धांच्या यादीत आले. बंदी छंदशास्त्रावर नव्हती, हे उघड आहे. ती छंदाच्या स्थानावर होती. चर्चच्या देखरेखीखालील ओवी पवित्र आणि लग्नमांडवातील, स्त्रियांच्या तोंडची ओवी संशयास्पद, असा हा भेद होता. उपासनेच्या संगीताचे मूल्य त्याच्या स्वरांवरून नव्हे, तर त्याच्या जागेवरून ठरते, हे यातून दिसते.

पुराणगायन तरीही लगेच नष्ट झाले नाही. गोव्याबाहेर, मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात ते हस्तलिखितांच्या आणि पाठांतराच्या रूपाने टिकून राहिले. वसई १७३९ मध्ये मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर तेथील ख्रिस्ती समाजाचा पोर्तुगीज राजाश्रय संपला, पण समाज आणि त्याची मराठी बोली टिकली.

६. मराठी वेदीवर आली, तेव्हा

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान कायम ठेवण्यात आले. त्याचबरोबर लोकभाषेच्या वापराला मोठी वाट मोकळी करून देण्यात आली आणि ज्या प्रदेशांना स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असेही सांगण्यात आले. चार शतकांची विभागणी तत्त्वतः संपली. वसईत, मुंबईत, पुण्यात आणि महाराष्ट्राच्या इतर धर्मप्रांतांत मिस्सा मराठीत होऊ लागली. हार्मोनियम आणि तबला चर्चमध्ये आले, आणि भजनाच्या व भावगीताच्या वळणाची नवी उपासनागीते रचली जाऊ लागली.

अशा वेळी ‘ख्रिस्तपुराणा’ची ओवी उंबरठा ओलांडून वेदीवर यावी, अशी अपेक्षा करणे अस्वाभाविक नव्हते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. याचे कारण अनेकदा भाषेच्या जुनेपणात शोधले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु ज्ञानेश्वरीची भाषा त्याहून जुनी असूनही तिची पारायणे होतात. खरे कारण मिस्सेच्या घडणीत आहे. मिस्सेतील गायनाला ठरलेल्या जागा आहेत : प्रवेश, वाचनांमधील स्तोत्र, अर्पण, प्रसादग्रहण, समारोप. प्रत्येक जागा काही मिनिटांची असते. तेथे चार-पाच कडव्यांचे गीत बसते. दोनशे ओव्यांचा अवस्वरू बसत नाही. मराठीला वेदीवर प्रवेश मिळाला तो गीताच्या रूपाने, कथेच्या रूपाने नव्हे. आणि मराठी वेदीवर आल्यामुळेच उंबरठ्यावरील गायनाची निकड संपली. जे समजावून सांगण्यासाठी पुराण होते, ते आता मिस्सेतच समजू लागले.

प्रोटेस्टंट परंपरेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे समूहाने लोकभाषेत गायिलेले गीत आरंभापासून उपासनेच्या मध्यभागी होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) नागपूर-राजनांदगावच्या वास्तव्यात ख्रिस्ती धर्माची ओढ लागली आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अभंग आणि भजन यांच्या वळणाने त्यांनी जी गीते रचली, ती थेट उपासनेत गेली. त्यांना उंबरठ्यावर थांबावे लागले नाही. त्यामुळे टिळकांचे गीत मराठी चर्चमध्ये अखंड गायले गेले आणि स्टीफन्स यांची ओवी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात गेली. हा फरक दोन कवींच्या योग्यतेचा नाही. तो दोन उपासनापद्धतींनी गीताला दिलेल्या जागेचा आहे.

नागपूरचे उदाहरणही येथे सूचक आहे. नागपूर धर्मप्रांताची स्थापना १८८७ मध्ये झाली आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. या प्रदेशातील चर्चला पोर्तुगीज काळाचा वारसा नाही. येथे पुराणगायनाची स्मृती नव्हती, तरीही मराठी आणि हिंदी गीते उपासनेत आली. मराठीच्या प्रवेशासाठी जुन्या ओवीची गरज पडली नाही, असा याचा अर्थ होतो.

लॅटिन मिस्सेचा प्रश्नही संपलेला नाही. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये जुन्या विधीला व्यापक परवानगी दिली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ती पुन्हा मर्यादित केली. जुन्या विधीचे समर्थक त्याच्या मौनाविषयी आणि स्वरसौंदर्याविषयी बोलतात. नव्या विधीचे समर्थक अर्थबोधाविषयी आणि सहभागाविषयी बोलतात. कोकणचा इतिहास या वादात एक वेगळी गोष्ट दाखवितो. जुन्या व्यवस्थेतील भाविक निव्वळ न कळणारे स्वर ऐकत नव्हता. त्याच्याजवळ अर्थ होता, पण तो चर्चमध्येच दुसऱ्या वेळी आणि दुसऱ्या भाषेत मिळालेला होता. लॅटिन विधी पुन्हा सुरू करता येतो, परंतु त्याच्या शेजारचे मराठी पुराणश्रवण त्याबरोबर आपोआप परत येत नाही.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

विदर्भातील अभ्यासकाला या प्रकारची साहित्यकृती अपरिचित नाही. महदंबेचे धवळे आज आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून शिकविले जातात, पण ते मुळात विवाहविधीच्या निमित्ताने गाण्यासाठी होते. धवळ्यांचा प्रसंग बाजूला ठेवला तर त्यांतील द्विरुक्ती आणि संथपणा दोष वाटू लागतात. ‘ख्रिस्तपुराणा’च्या बाबतीत असेच घडते. त्यातील विस्तार, प्रसंगांची पुनरावृत्ती, श्रोत्यांना वारंवार केलेले संबोधन आणि अवस्वरूच्या शेवटी घेतलेला विराम यांना समीक्षक काव्यदृष्ट्या सैल म्हणू शकतो. रविवारागणिक एकेक भाग ऐकणाऱ्या, मागील भाग काहीसा विसरलेल्या समुदायासाठी मात्र ही सर्व वैशिष्ट्ये आवश्यक होती.

म्हणून ‘ख्रिस्तपुराणा’तील एखादा अवस्वरू वर्गात शिकविताना तो प्रथम मोठ्याने, शक्य तर पोथीच्या चालीवर, म्हणून दाखविणे हा अध्यापनाचा प्रास्ताविक भाग नसून अर्थनिर्णयाचाच भाग मानला पाहिजे. चौथ्या चरणावर येणारा विराम कोठे कथा थांबवितो आणि कोठे ती पुढे ढकलतो, हे डोळ्यांनी वाचताना निसटते. ते कानाला लगेच कळते.